भट्टीच्या अलीकडचं मशीन : टफन लाइनसाठी घेतलेल्या वॉशरचं परीक्षण

टफन काचेच्या, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या काचेच्या कारखान्यात सगळ्यांची नजर भट्टीवर असते. तापमान, क्वेंचचा (काच थंड करणाऱ्या हवेच्या झोतांचा) दाब, ज्यांवरून काच सरकते त्या रोलरची अवस्था यांवर रोज बोलणं होतं. वॉशर, म्हणजे भट्टीत जाण्याआधी काच धुऊन सुकवणारं मशीन, मात्र लाइनच्या सुरुवातीला आपला पाणी उडवत चालू असतो, आणि काच ओली बाहेर पडू लागेपर्यंत त्याची कोणाला आठवण होत नाही. मी भट्टीच्या दुसऱ्या टोकाला, थंड झालेली काच तपासायच्या जागी काम करते. तिथे उभं राहून माझं एक मत पक्कं झालंय. पृष्ठभागावरच्या दोषांमुळे मी ज्या काचा बाजूला काढते, त्यांतल्या बऱ्याच काचांवर तो दोष भट्टीत शिरण्याआधीच येऊन बसलेला असतो. भट्टी त्याला फक्त कायमचं करते.

आमच्याकडे जुना वॉशर काढून नवा आडवा वॉशर बसवला, तेव्हापासून मी त्याच्याकडे याच नजरेने बघतेय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या रचनेचे वॉशर बरेच जण बनवतात आणि तुम्ही कोणाकडूनही घेतलात तरी तपासायच्या गोष्टी याच राहतील. मशीन असं आहे : सुरुवातीला दाबाच्या पाण्याचे फवारे, मग ब्रशच्या तीन जोड्या, तीन वेगळ्या टाक्या, शेवटी डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचा फवारा, आणि त्यापुढे वर-खाली तिरक्या बसवलेल्या एअर नाइफ, म्हणजे जोराच्या हवेने पाणी उडवणाऱ्या अरुंद फटी. जाडी 3 ते 19 मिलिमीटर. पाणी कोमट करण्याची सोय आहे. थोडक्यात मत आधीच देते : मशीन चांगलं आहे, सुकवण्याचा भाग तर फारच चांगला, पण टाक्यांची रचना करणाऱ्याने काचेचा गाळ कधी हाताने काढलेला नसावा असं वाटतं.

आता इतकी बारकाई कशासाठी, ते या लाइनवर नसलेल्यांसाठी सांगते. टफन करताना फ्लोट काच (नेहमीची सपाट काच) साधारण 620 ते 650 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि लगेच दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत मारून थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला गाभा मागाहून आकसतो, आणि त्या ओढाताणीत पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. पूर्ण टफन काचेसाठी अमेरिकी एएसटीएम सी 1048 मानकात पृष्ठभागावरचा हा दाब किमान 69 मेगापास्कल धरला आहे. दाबाखालचा थर प्रत्येक बाजूने जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका असतो. एकदा हे झालं की ती काच कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, धार घासता येत नाही. एखादा ओरखडा पॉलिश करून काढायला गेलं तर त्या जागी काच दबते, त्यातून पलीकडचं वाकडं दिसायला लागतं आणि दाबाचा थरही तेवढा पातळ होतो. म्हणजे मोहरीहून लहान कणासाठी अख्खी काच भंगारात जाते. कापणाऱ्याची, धार मारणाऱ्याची, भोकं पाडणाऱ्याची मेहनत तिच्याबरोबर जाते, हे मला जास्त लागतं.

भट्टीत काच किती वेळ राहते याचा ढोबळ हिशेब एका मिलिमीटरला 40 सेकंदांच्या आसपास असा धरतात, म्हणजे 6 मिलिमीटर काच सुमारे चार मिनिटं. तेवढ्या वेळात तिचा पृष्ठभाग इतका मऊ होतो की वर पडलेला काचेचाच बारीक कण तिच्यात बसतो आणि तिच्याशी एकजीव होतो. धूळ, तेल, साबणाचा अंश, पाण्यातले क्षार यांचंही तेच. टफन होण्याआधी जे कापडाने पुसलं गेलं असतं, ते नंतर कशानेही जात नाही.

यांत सर्वांत त्रासदायक काचेची भुकटी. तिचा उगम धारेत असतो. काच कापली, धार ग्राइंड केली, भोक पाडलं की पाण्यात कालवलेली काचेची पांढरी भुकटी सगळीकडे पसरते. ओली असेपर्यंत ती सहज वाहून जाते. वाळली की मात्र काचेला घट्ट धरून बसते आणि मग ब्रशलाही दाद देत नाही. त्यामुळे कोणताही वॉशर घ्या, ग्राइंडिंगहून आलेली काच त्याच्यात ओलीच शिरली पाहिजे. आमच्याकडे काचा घोड्यावर (काचा टेकवून ठेवायच्या चौकटीवर) लावून ठेवत असत, जेवणाची सुट्टी मध्ये आली की त्या तशाच वाळत, आणि त्या गठ्ठ्यातल्या काचा तपासणीत मला ओळखू येत. आता ग्राइंडर आणि वॉशर एका ओळीत जोडले आहेत. या बदलाचं श्रेय मशीनला देता येणार नाही, पण तो केला नसता तर नव्या मशीनचा निम्मा उपयोगही झाला नसता.

मशीनचं श्रेय पुढच्या भागात आहे. आत शिरताच जे दाबाचे फवारे आहेत, त्यांतले काही मुद्दाम आडवे, धारेच्या दिशेने रोखलेले आहेत. जुन्या वॉशरमध्ये सगळं पाणी वरून पडायचं. सपाट भाग स्वच्छ व्हायचा आणि धारेवरचे सैल टवके तसेच राहायचे. नुसत्या बेल्टवर हलकी धार मारलेल्या काचेच्या कडेला असे टवके हमखास असतात. ते वॉशरमधून सुटले तर भट्टीत गळतात, रोलरवर पडतात, आणि मग त्या काचेचंच नव्हे तर मागून येणाऱ्या प्रत्येक काचेचं पोट खरवडतात. रोलरवर चिकटलेला कण शोधायचा एक खात्रीचा उपाय आहे : काचेच्या खालच्या बाजूला ठराविक अंतराने तीच खूण दिसते का ते पाहायचं आणि अंतर मोजायचं. 60 मिलिमीटर व्यासाच्या रोलरचा घेर सुमारे 188 मिलिमीटर येतो. खुणांमधलं अंतर रोलरच्या घेराशी जुळलं तर गुन्हेगार रोलर आहे, धुण्याला दोष देऊ नका. आडव्या फवाऱ्यांचा वॉशर आल्यापासून अशा खुणांमुळे बाजूला काढलेल्या काचा स्पष्ट कमी झाल्या आहेत आणि भट्टी थंड करून रोलर पुसण्याची वेळही पूर्वीपेक्षा उशिरा येते.

यातूनच एक फायदा झाला जो विक्रेत्याने सांगितला नव्हता. काही भट्ट्यांमध्ये सल्फर डायऑक्साइड वायू अगदी थोड्या प्रमाणात सोडतात. काचेतल्या सोडियमशी त्याची क्रिया होऊन खालच्या बाजूला सोडियम सल्फेटचा पातळ थर तयार होतो. तो काच आणि रोलर यांच्यामध्ये वंगणाचं काम करतो आणि नंतर पाण्याने निघून जातो. पण काच अस्वच्छ येत असेल तर ऑपरेटर ओरखडे टाळायला वायू वाढवत नेतो. तसं झालं की तेच सल्फेट रोलरवर गाठी धरतं आणि त्या गाठी काचेवर पांढरे ठिपके उठवतात. एक दोष झाकायला दुसरा तयार होतो. नव्या वॉशरनंतर आमच्या भट्टीवाल्यांनी वायूची मात्रा हळूहळू उतरवली आणि ठिपकेही गेले. वॉशरच्या माहितीपत्रकात ही गोष्ट लिहायला हवी.

पाण्याबद्दल. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. बादलीच्या कडेला पाणी सुकलं की जशी पांढरी रेघ उरते, तसाच प्रत्येक थेंब काचेवर आपली कड सोडतो, आणि भट्टीतून गेल्यावर ती कड काचेचा भाग होऊन बसते. म्हणून शेवटचं पाणी डीएम असावं लागतं. या मशीनमध्ये ते पाणी शेवटच्या फवाऱ्यातून मागच्या टाकीत, तिथून आणखी मागच्या टाकीत असं उतरत येतं. म्हणजे सर्वांत स्वच्छ पाणी सर्वांत शेवटी लागतं आणि फुकटही जात नाही. शेवटच्या टाकीवर वाहकता मोजणारं मीटर आहे; पाण्यात क्षार जितके जास्त, तितका तिचा आकडा वर. आम्ही मर्यादा 30 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर ठेवली आहे. त्यावर आकडा गेला की काच आत घेणं आपोआप थांबतं. हे फार चांगलं केलंय. केवळ दिवा लागत असता तर गर्दीच्या शिफ्टमध्ये दिवा लागलेला आणि काच चालू, असंच झालं असतं. फक्त तो आकडा दाखवणारं पॅनल ऑपरेटरच्या पाठीमागे आहे. काच भरणाऱ्याला तो सहज दिसेल अशा ठिकाणी बसवून घ्या, बसवताना सांगितलं तर ते करून देतात.

साबण वापरावा की नाही यावर आमच्याकडे मतभेद होते. कापताना उडून जाणारं कटिंग ऑइल वापरत असाल आणि पाणी कोमट असेल, तर साबणाशिवाय भागतं असा माझा अनुभव आहे. साबण घातला की तो शेवटच्या थेंबापर्यंत धुऊन निघालाय याची खात्री करावी लागते, आणि उरलेला साबण पाण्याच्या डागापेक्षा वाईट, कारण तो भट्टीत जाईपर्यंत दिसतच नाही.

ब्रश. इथे माणसं दाब वाढवण्याची चूक करतात. ब्रशच्या केसाचं टोक घासायला हवं, पण दाब जास्त झाला की केस आडवा पडतो, त्याची बाजू काचेवर सरकते आणि केसांमध्ये अडकलेली भुकटी काचेवर फिरत राहते. धुणाऱ्या मशीननेच ओरखडे उठतात ते असे. त्यांची ओळख सांगते : ओरखडे फार बारीक, काच चालण्याच्या दिशेशी नातं असलेले, आणि नुसत्या उजेडात न दिसणारे. काळ्या कापडासमोर काच उभी धरून बाजूने कमी कोनात बॅटरी मारली की दिसतात. या मशीनमध्ये जाडी टाकली की वरचे ब्रश त्याप्रमाणे वर-खाली होतात. जाडी हाताने टाकावी लागते, मशीन स्वतः मोजत नाही, आणि 8 मिलिमीटरनंतर 12 मिलिमीटर काच आली की आकडा बदलायचं राहून जाऊ शकतं. महागड्या मशीनमध्ये जाडी मोजणारा सेन्सर असतो. जाड-पातळ काच मिसळून येत असेल तर तो सेन्सर मागून घ्या. आमच्याकडे एका जाडीचा माल एकत्र येतो म्हणून निभतं.

लो-ई काचेसाठी (उष्णता कमी जाऊ देणारा लेप असलेल्या काचेसाठी) मात्र मला या मशीनचं मनापासून कौतुक आहे. तिच्यावरचा लेप अतिशय पातळ असतो, बऱ्याच प्रकारांत त्यात चांदीचा थर असतो, आणि साध्या ब्रशने असा लेप खरवडला जातो. इथे पहिली ब्रशची जोडी पूर्ण वर उचलून ठेवता येते आणि पुढच्या जोड्यांचे केस 0.15 मिलिमीटरचे, मऊ आहेत. लेपाची काच नेहमी लेप वर करूनच जाते, त्यामुळे रोलरचा स्पर्श लेपाला होत नाही. काच ब्रशखाली कधीही थांबू द्यायची नाही, हा नियम ऑपरेटरला पहिल्याच दिवशी सांगायचा. काच उभी आणि ब्रश फिरतोय, असं काही क्षण झालं तरी तिथे पट्टा उमटतो. या मशीनमध्ये पुढे काच अडली की ब्रशचं फिरणं बंद होऊन ते वर जातात. आम्ही हे मुद्दाम काच अडवून पाहिलं, खरंच होतं.

आता सुकवणं, जे मला सर्वांत आवडलं. एअर नाइफ तिरक्या आहेत, त्यामुळे पाणी एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे ढकललं जातं आणि शेवटी मागच्या एकाच टोकाने बाहेर पडतं. सरळ एअर नाइफ असलेल्या जुन्या मशीनमध्ये मागच्या पूर्ण धारेवर थेंबांची रांग राहायची. हेल्पर ती कापडाने पुसायचा आणि कापडाचे तंतू काचेवर सोडायचा. तो तंतू भट्टीत जळतो, पण त्याची जागा दिसत राहते. आता पुसण्याची गरजच पडत नाही, आणि मी म्हणेन की धुतलेल्या काचेला भट्टीपर्यंत कापड लागलंच नाही पाहिजे. ब्लोअरच्या तोंडाशी दोन टप्प्यांची गाळणी आहे आणि ती पाच मिनिटांत बदलता येते. ब्लोअर हवा कुठून ओढतो ते मात्र बघून घ्या. आमच्याकडे बसवणाऱ्यांनी त्याचं तोंड ग्राइंडिंगच्या बाजूला ठेवलं होतं, म्हणजे भुकटीने भरलेली हवा धुतलेल्या काचेवर. डक्ट लावून ते दुसऱ्या बाजूला नेलं. एवढ्याने गाळणी काळी-पांढरी व्हायची थांबली.

भोकं आणि खाचा असलेल्या काचेत हे सुकवणं कमी पडतं. भोकात पाणी दडून राहतं आणि एअर नाइफच्या पुढे गेल्यावर थेंब ओघळतो. दरवाज्यांच्या काचा, जिथे बिजागरीच्या खाचा असतात, तिथे हे हमखास दिसतं. भोकाच्या खालच्या बाजूला ओघळाची लांबट खूण उठते. यावर मशीनमध्ये उपाय नाही. आम्ही अशा काचा कमी वेगाने सोडतो आणि भट्टीच्या लोडिंग टेबलावर हवेच्या नळीने भोकं फुंकून घेतो. विक्रेत्याने हे आधी सांगायला हवं होतं. दरवाज्यांचं काम मुख्य असेल तर याचा विचार करूनच मशीन निवडा.

टाक्यांविषयी माझी तक्रार गंभीर आहे. तिन्ही टाक्यांचा तळ सपाट आहे. काचेची भुकटी जड असते, ती तळाशी बसते आणि दगडासारखी घट्ट होते. तळाला उतार असता आणि गाळ काढायचं तोंड मोठं असतं, तर पाणी सोडताना बराच गाळ सोबत गेला असता. आता तो खरवडून काढावा लागतो, आणि पहिल्या टाकीचं झाकण इतकं अरुंद आहे की हात कोपरापर्यंतच जातो. हे काम कंटाळवाणं म्हणून पुढे ढकललं जातं, मग पंप गाळ ओढतो, फवाऱ्यांची भोकं तुंबतात, आणि ज्या पट्ट्यात फवारा बंद त्या पट्ट्यात काच घाण. काचेवर लांबीच्या दिशेने एकच पट्टा अस्वच्छ दिसला की आधी त्या रेषेतला फवारा तपासावा. कोमट पाण्यात आणखी एक त्रास होतो : टाकीच्या भिंतींना बुळबुळीत थर धरतो. तो ब्रशवर जातो आणि काचेवर पुसट धुरकट फराटे सोडतो. आठवड्याच्या शेवटी टाक्या रिकाम्या करून घासणं याला पर्याय नाही. वरचा ब्रशचा भाग मोटरवर अख्खा वर उचलला जातो, त्यामुळे ब्रश आणि रबरी रोलर मात्र आरामात साफ होतात. ज्याने ती सोय केली त्याने टाक्यांकडेही बघायला हवं होतं.

लहान काचेची मर्यादाही आहे. रोलरमधल्या अंतरामुळे फार आखूड काच तिरकी होते आणि क्वचित मध्येच घसरते. माहितीपत्रकात लिहिलेली किमान लांबी खरी धरा, त्याखालची काच घालून बघू नका.

या मशीनकडून कोणत्या गोष्टींची अपेक्षा ठेवू नये, हेही लिहायला हवं, कारण आमच्याकडे वॉशर नवा आल्यावर प्रत्येक डागासाठी त्याच्याकडे बोट दाखवलं गेलं.

कापण्याच्या टेबलावर पडलेला ओरखडा धुऊन जात नाही. उलट भट्टीत तो उघडतो आणि आधी न दिसलेला नंतर ठळक दिसतो. काचा एकमेकींवर सरकवणं, रॅकचा फाटलेला रबर, टेबलावरची कापणीची चूर, हातमोज्यात अडकलेला कण, यांना वॉशर काही करू शकत नाही. काचा रचताना मध्ये टाकायची सेपरेटर पावडर पुरेशी आहे का हे बघणं कंटाळ्याचं असेल, पण तिथेच ओरखडे वाचतात.

काचेच्या मध्यभागी लांबट पांढुरका पट्टा दिसला तर तो धुण्याचा नाही. गार काच भट्टीत शिरते तेव्हा रोलरच्या उष्णतेने खालची बाजू आधी तापून फैलावते, कडा वर उचलल्या जातात, आणि सगळं वजन मधल्या भागावर येतं. तो भाग रोलरवर घासतो आणि पांढरा पडतो. इलाज भट्टीत आहे : खालचं तापमान उतरवणं किंवा सुरुवातीला वरून गरम हवेचा मारा वाढवणं.

निळसर, इंद्रधनुषी झाक ही आणखी वेगळी गोष्ट. फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगत तयार होते, आणि तिच्या त्या बाजूत कथलाचा अंश राहतो. भट्टीत तो अंश आणखी ऑक्सिजन घेतो, तो थर फुगतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म सुरकुत्या पडतात. त्यांतून उजेड विखुरला की झाक दिसते. कितीही धुतलं तरी ती जात नाही. कच्ची काच बदलून बघणं किंवा तापमान आणि वेळ कमी करणं, एवढंच हातात असतं. कथलाची बाजू ओळखायला 254 नॅनोमीटरचा अतिनील दिवा मिळतो. अंधाऱ्या कोपऱ्यात धरला की ती बाजू दुधट चमकते. तो दिवा प्रत्येक लाइनवर असायलाच हवा, विशेषतः छपाईचं काम असेल तर. मात्र त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही आणि हातावरही मारायचा नाही.

आणि ग्राहक कधी कधी उतरत्या उन्हात काचेवर दिसणाऱ्या करड्या ठिपक्यांचा फोटो पाठवतात. ते क्वेंचच्या झोतांमुळे ताणात आलेल्या फरकाचे असतात, ध्रुवित प्रकाशात दिसतात, आणि ते पृष्ठभागावर नसतातच.

व्हॅक्यूम लिफ्टरच्या रबरी चकत्यांच्या खुणांवर थोडं थांबते, कारण त्यांच्याबाबत वॉशरची चांगली परीक्षा होते. त्या कोरड्या काचेवर दिसत नाहीत. वाफ धरली की गोल उमटतात. वॉशरमधून निघालेल्या काचेवर तोंडाने वाफ सोडून बघायची. गोल दिसला तर ब्रश काम करत नाहीयेत किंवा पाणी पुरेसं कोमट नाही. मी शिफ्टच्या सुरुवातीला पहिल्या काचेवर हे करते आणि चकत्यांना स्वच्छ कापडी टोप्या घातल्यात का तेही बघते. ज्या काचा दमट जागी, आंघोळीच्या खोलीत बसणार असतात, त्यांत हा गोल राहिला तर लोकांना तो रोज सकाळी दिसत राहतो.

टफन झाल्यावर माझी तपासणी अशी असते. आधी बाजूने उजेड. मग एक जुनं प्लास्टिकचं कार्ड काचेवर हलक्या हाताने फिरवते. रुतलेला कण असेल तर कार्ड अडखळतं आणि बारीक करकर ऐकू येते. बोटांना हा कण लागतोच असं नाही. ही करकर मी गंभीरपणे घेते, कारण इमारतीत काच बसल्यावर रंगाचे, सिमेंटचे शिंतोडे काढायला साफसफाईवाले ब्लेड मारतात. ब्लेड त्या कणाला उखडतं, कण ब्लेडखाली सापडतो आणि काचेवर लांब ओरखडे पडत जातात. मग भांडण होतं. साफ करणाऱ्याला दोष दिला जातो, तो म्हणतो की काच खराब होती, आणि बऱ्याचदा तोच बरोबर असतो. रोजंदारीवरच्या माणसाच्या डोक्यावर आमचा कण जाऊन बसू नये, असं मला मनापासून वाटतं. नवा वॉशर आल्यापासून कार्ड अडखळणं खूप कमी झालंय. पूर्ण बंद झालेलं नाही : भट्टीत एखादी काच फुटली की पुढचा काही माल करकरतो. काच फुटल्यावर रोलर नीट साफ केल्याशिवाय पुढची काच सोडू नये, यावर मी अडून बसते आणि अडून बसावंच लागतं.

धुतलेली काच रचून ठेवू नका, हेही याच संदर्भात सांगते. भट्टी काही कारणाने थांबली की वॉशर चालू ठेवून काचा रॅकवर लावायचा मोह होतो. दोन काचांमध्ये ओलावा अडकला की काचेतलं सोडियम त्यात उतरतं, तो ओलावा अल्कधर्मी होतो आणि काचेलाच खातो. वर कारखान्यातली धूळ बसते ती वेगळीच. भट्टी थांबली की वॉशरही थांबवायचा. आमच्या मशीनमध्ये भट्टीच्या लोडिंग टेबलाशी जोडलेला इंटरलॉक (ते थांबलं की वॉशर आपोआप थांबवणारी सोय) आहे, तो बंद करायची किल्ली मात्र कोणाच्याही हाती लागेल अशी आहे. ती आता शिफ्टच्या प्रमुखाकडे असते.

खरेदीबद्दल शेवटचं. विक्रेता प्रात्यक्षिकासाठी कोरी, स्वच्छ, धार न मारलेली काच वापरतो, आणि ती कोणत्याही वॉशरमधून चमकत बाहेर येते. तुमच्या ग्राइंडिंगवरून आलेली, भुकटीने माखलेली काच घेऊन जा. एक 4 मिलिमीटरची, एक जाड, एक भोकं आणि खाच असलेली, आणि काम असेल तर एक लो-ई. धुतल्यावर वाफ सोडून बघा, बाजूने उजेड मारा. शक्य असेल तर तीच काच दोन स्वच्छ कागदांच्या मध्ये बांधून परत आणा, आपल्या भट्टीत टफन करा आणि कार्ड फिरवा. पहिल्या टाकीचं झाकण उघडून हात आत घालून बघा, तळापर्यंत पोहोचतो का. सुट्या ब्रशसाठी किती थांबावं लागेल ते लेखी घ्या, कारण झिजलेल्या ब्रशवर दाब वाढवून दिवस काढायची वेळ आली तर ओरखडे वॉशरमध्येच सुरू होतील.